घरून शिकणारे मूल आणि परीक्षेची तयारी : कुटुंबासाठी आरोग्यविषयक माहिती

मार्च २०२० मध्ये कोविड-१९च्या साथीमुळे देशभरातील शाळा बंद झाल्या आणि कोट्यवधी मुलांचे शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले. साथ ओसरली, तरी ती पद्धत पूर्णपणे मागे पडलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हवेच्या तीव्र प्रदूषणामुळे दिल्ली व परिसरातील शाळांचे वर्ग काही दिवस ऑनलाइन घ्यावे लागले. त्यानंतर ते संमिश्र पद्धतीने, म्हणजे काही मुले वर्गात आणि काही घरी, असे चालले. अतिवृष्टी, उष्णतेची लाट किंवा एखादा साथीचा आजार यांमुळे देशाच्या कोणत्याही भागात शाळा काही दिवस घरात येऊ शकते.

बोर्डाची परीक्षा मात्र घरात येत नाही. ती ठरलेल्या वेळी, परीक्षा केंद्रातील बाकावर बसून, कागदावर स्वतःच्या हाताने लिहावी लागते. शाळा मुलाला विषय शिकविते, त्याबरोबर त्याच्या शरीराचीही तयारी करून घेत असते. घंटेमुळे दिवसाला शिस्त लागते, फळ्यामुळे नजरेतील दोष लक्षात येतो, वहीमुळे हाताची सवय टिकते, शाळेत आहार आणि लोहाची गोळी मिळते. शाळा घरी आली की ही कामे थांबतात आणि ती थांबल्याचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. परीक्षेपूर्वीच्या सहा आठवड्यांत ती कामे कुटुंबाने कशी हाती घ्यावीत, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

प्रथम, परीक्षा कशासाठी आहे हे जाणून घ्या

प्रत्येक चाचणीचा हेतू सारखा नसतो. काही चाचण्या शिक्षणव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी असतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेले परख राष्ट्रीय सर्वेक्षण हे याचे उदाहरण होय. त्यात ७८१ जिल्ह्यांतील निवडक शाळांमधून इयत्ता तिसरी, सहावी व नववीच्या २१ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी भाग घेतला. अशा सर्वेक्षणात कोणत्याही मुलाचा वैयक्तिक निकाल जाहीर होत नाही; कोणत्या जिल्ह्यात कोणत्या विषयाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, हे त्यातून समजते. आपल्या पाल्याची अशा चाचणीसाठी निवड झाली, तर वेगळी शिकवणी लावण्याची किंवा त्याला धाक घालण्याची आवश्यकता नाही. नीट झोपून, न्याहारी करून, वेळेवर शाळेत जाणे एवढीच तयारी पुरेशी आहे.

दहावी व बारावीच्या बोर्डाच्या परीक्षांचे गुण मात्र पुढील प्रवेशासाठी उपयोगी पडतात, म्हणून त्यांची तयारी गांभीर्याने करावी. तरीही एकाच दिवसावर सर्व काही अवलंबून नसते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) २०२६ पासून दहावीसाठी वर्षातून दोन परीक्षा ठेवल्या आहेत. पहिली अनिवार्य आहे; दुसरी ऐच्छिक असून तीत ठरावीक विषयांपैकी जास्तीत जास्त तीन विषयांचे गुण सुधारता येतात. महाराष्ट्र राज्य मंडळातर्फे पुरवणी परीक्षा घेतली जाते. ही माहिती मुलाला निकालानंतर न देता परीक्षेपूर्वीच सांगावी. पुढे वाट आहे हे ठाऊक असलेले मूल अधिक शांतपणे पेपर लिहिते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांत एक भाऊ राज्य मंडळाच्या शाळेत आणि दुसरा केंद्रीय मंडळाच्या शाळेत, असे अनेकदा असते. दोन मंडळांचे अभ्यासक्रम, प्रश्नांचे स्वरूप आणि वेळापत्रक वेगळे असते. मामेभावाच्या किंवा आतेबहिणीच्या गुणांशी तुलना केल्याने कोणतीही उपयुक्त माहिती मिळत नाही. मुलाचे मन मात्र दुखावते.

डोळे : पडद्यावर न दिसणारा दोष

मोबाइल डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतो. ज्या मुलाला दूरचे अस्पष्ट दिसते, त्यालाही तो सहज वाचता येतो. वर्गात हेच मूल फळ्यावरील मजकूर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते आणि शिक्षकांच्या ते ध्यानात येते. घरी शिकताना हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो.

यासाठी घरी एक सोपी पाहणी करावी. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, साधारण तीन मीटर अंतरावर दिनदर्शिका टांगावी. मुलाला एक डोळा तळहाताने झाकून, डोळ्यावर दाब न देता, दिनदर्शिकेवरील आकडे वाचण्यास सांगावे. नंतर दुसरा डोळा झाकावा. घरातील इतरांना दिसणारे आकडे त्याला दिसत नसतील, वाचताना डोळे बारीक होत असतील, किंवा वारंवार डोके दुखत असेल, तर नेत्रतपासणी करून घ्यावी. ही पाहणी तपासणीची जागा घेऊ शकत नाही. ती केवळ सूचना देते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शालेय मुलांची आरोग्य तपासणी केली जाते, आणि राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमांतर्गत दृष्टिदोष असलेल्या शालेय मुलांना विनामूल्य चष्मा दिला जातो. तपासणीच्या दिवशी मूल घरी होते म्हणून ती चुकली असेल, तर शाळेत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करावी. नव्या चष्म्याची सवय होण्यास काही दिवस लागतात. म्हणून हे काम परीक्षेच्या आठवड्यावर टाकू नये.

पडद्यासमोर बसण्यालाही मर्यादा असावी. जुलै २०२० मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनुसार ऑनलाइन वर्ग पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोन सत्रांपेक्षा आणि नववी ते बारावीसाठी अशा चार सत्रांपेक्षा अधिक नसावेत. दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट दूर असलेल्या वस्तूकडे २० सेकंद पाहिल्यास डोळ्यांना विश्रांती मिळते. हवा चांगली असेल त्या दिवशी मुलाने उजेडात, घराबाहेर वेळ घालवावा. उघड्यावरील उजेड वाढत्या वयातील डोळ्यांना हितकर असतो.

हात आणि पाठ : तीन तास लिहिण्याची सवय

ऑनलाइन चाचणीत बहुधा पर्याय निवडावा लागतो किंवा चार ओळी टंकलिखित कराव्या लागतात. अशा सवयीनंतर सलग तीन तास लिहिताना बोटे आखडतात, मनगट दुखते आणि येत असलेली उत्तरेही अपुरी राहतात. याचा अर्थ मुलाचा अभ्यास कच्चा आहे, असा होत नाही. हाताचा सराव सुटलेला असतो आणि तो परत मिळविता येतो.

पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास सलग लिहिण्यापासून सुरुवात करावी. दर तीन-चार दिवसांनी १५ ते २० मिनिटे वाढवीत जावे आणि पाचव्या आठवड्यापर्यंत पूर्ण प्रश्नपत्रिका एका बैठकीत लिहून व्हावी. ज्या पेनाने परीक्षा द्यावयाची, त्याच पेनाने सराव करावा. पेन घट्ट आवळून धरू नये. कोपर व हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकलेला असावा. घरात टेबल-खुर्ची नसेल, तर जमिनीवर बसून, पाठीला भिंतीचा आधार घेऊन, चौरंगावर वही ठेवून लिहिता येते. पलंगावर पालथे झोपून लिहिण्याची सवय मात्र या काळात सोडावी. वेदना किंवा मुंग्या दोन आठवड्यांनंतरही राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे.

घरी चाचणी चालू असताना एक मोह टाळावयास हवा. शेजारी बसलेली आई, ताई किंवा दादा प्रेमापोटी उत्तर सुचवितात. त्या चाचणीत गुण मिळतात, परंतु मुलाला काय येत नाही हे शिक्षकांना कळत नाही आणि मुलाचा स्वतःवरील विश्वासही कमी होतो. चाचणीच्या वेळी कुटुंबाने शांतता राखावी, दूरचित्रवाणी बंद ठेवावी आणि उत्तरे मुलावर सोडावीत. नेटवर्क तुटले, तर वेळ नोंदवून शिक्षकांना लगेच कळवावे. त्यासाठी मुलावर रागावू नये.

झोप : परीक्षेच्या घड्याळाशी जुळवून घ्या

६ ते १२ वर्षे वयाच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेत चालते. त्यामुळे रात्रभर जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी पेपरसमोर आठवेलच असे नाही.

घरून वर्ग असताना मुले उशिरा झोपतात आणि वर्ग सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी उठतात. केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत सकाळी १० वाजेपर्यंत केंद्रात पोहोचावे लागते, १०.१५ ते १०.३० ही वेळ प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी असते आणि त्यानंतर लेखन सुरू होते. महाराष्ट्र मंडळाचे सकाळच्या सत्रातील पेपर ११ वाजता सुरू होतात. म्हणजे त्या वेळी मूल पूर्ण जागे, न्याहारी झालेले आणि प्रवासाचा शीण उतरलेले असावयास हवे.

झोपेची वेळ एका दिवसात बदलत नाही. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटे आधी झोपणे आणि १५ मिनिटे आधी उठणे, असा क्रम ठेवावा. उठल्यावर खिडकीत किंवा अंगणात उजेडात थांबावे. झोपण्यापूर्वी एक तास मोबाइल मुलाच्या हातात नसावा. घरात सर्वांचे फोन रात्री एकाच ठिकाणी ठेवले, तर मुलाला शिक्षा झाल्यासारखे वाटत नाही. एक-दोन खोल्यांच्या घरात हे कठीण असते, याची जाणीव आहे. अशा घरी निदान या सहा आठवड्यांत रात्री दहानंतर दिवा आणि आवाज कमी करण्याचे सर्वांनी मिळून ठरवावे. आजी-आजोबांनाही त्यात सामील करून घ्यावे. अनेक घरांत मूल त्यांचेच म्हणणे सर्वाधिक ऐकते.

आहार आणि रक्त : चुकलेली निळी गोळी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली आणि ३१.१ टक्के मुलगे रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. रक्तक्षय असलेले मूल लवकर थकते, त्याचे लक्ष लागत नाही, धाप लागते. घरात त्याला “आळशी” म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याच्या रक्तात लोह कमी असते.

अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमांतर्गत शाळेत १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक अ‍ॅसिडची निळी गोळी दिली जाते. वर्ग घरी असताना ती चुकते. शाळेत, आशाताईंकडे किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात विचारून ती चालू ठेवावी. गोळी जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास लोह अधिक चांगले शोषले जाते. चहा, कॉफी किंवा दुधाबरोबर ती घेऊ नये. शौचाचा रंग काळसर होतो. त्यात धोका नाही. चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी एका वेळी दोन गोळ्या देऊ नयेत. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच गोळी घ्यावी. १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट या राष्ट्रीय जंतनाशक दिनी मूल घरी असल्याने गोळी राहिली, तर पुढील फेरीची तारीख शाळेत किंवा अंगणवाडीत विचारावी.

पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेत मिळणारा मध्यान्ह आहारही शाळा बंद असताना सुटतो. त्याऐवजी शिधा मिळण्याची व्यवस्था आहे का, याची चौकशी करावी. घरी डाळ, उसळ, शेंगदाणे, हिरवी पालेभाजी, नाचणीची किंवा बाजरीची भाकरी, परवडत असल्यास अंडे, असा साधा आहार पुरेसा आहे. “स्मरणशक्ती वाढविणारी” औषधे, ऊर्जापेये आणि जागरणासाठीच्या गोळ्या देऊ नयेत.

आजार असलेल्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी

शाळेत प्रत्यक्ष जाणे कमी झाल्याने सवलतींची कागदपत्रे अनेकदा राहून जातात. पुढील बाबी लवकर तपासाव्यात :

• केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना दर तासाला २० मिनिटे अधिक वेळ आणि नियमानुसार लेखनिक मिळू शकतो. राज्य मंडळांचेही नियम आहेत. प्रमाणपत्रासह शाळेमार्फत अर्ज आधी करावा लागतो.

• टाइप-१ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना केंद्रीय मंडळ परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळ, हलका खाऊ, पाणी आणि साखर मोजण्याचे यंत्र नेण्याची अनुमती देते. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र व शाळेची शिफारस लागते.

• दमा असलेल्या मुलाचा रोजचा प्रतिबंधक इन्हेलर परीक्षेच्या गडबडीत बंद करू नये. तातडीचा इन्हेलर जवळ ठेवण्याची परवानगी आधीच घ्यावी. हवा वाईट असलेल्या दिवशी नाक-तोंड नीट झाकणारा एन-९५ मास्क वापरावा. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत.

• मुलींनी पाळीची तारीख लक्षात ठेवून पॅड दप्तरात ठेवावेत. पाळी लांबविणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

• ताप असेल, तर केवळ गोळी देऊन आणि आजार लपवून मुलाला केंद्रावर पाठवू नये. डॉक्टरांना दाखवावे व शाळेला कळवावे. वेगळी बैठकव्यवस्था किंवा पुढील संधी यांविषयी शाळाच मार्गदर्शन करू शकते.

मन : काय बोलावे आणि काय ऐकावे

परीक्षेपूर्वी थोडी धडधड होणे, हातांना घाम येणे स्वाभाविक आहे. घरून शिकलेल्या मुलाला आणखी एक भीती असते : मित्रांचा अभ्यास किती झाला हे त्याला दिसत नाही आणि सर्वजण आपल्यापुढे गेले आहेत, असे त्याला वाटते. शाळेने परवानगी दिल्यास एखादी सराव परीक्षा शाळेतच द्यावी. ते शक्य नसल्यास दोन-तीन मुलांनी एकत्र बसून पेपर सोडवावा आणि परीक्षा केंद्र एकदा आधी पाहून यावे.

“आई, मला काहीच येत नाही,” असे मूल म्हणाले, तर “वर्षभर काय केलंस मग?” हे उत्तर संवाद तेथेच संपविते. “कोणता धडा अडतोय? बस, आपण बघू या,” असे म्हटल्यास मूल पुढे बोलते. उपदेश करण्यापूर्वी पाच मिनिटे ऐकावे.

मात्र झोप व भूक दीर्घकाळ उडणे, मित्रांशी बोलणे बंद करणे, आवडत्या गोष्टींतून मन निघणे, “माझा सर्वांना त्रास होतो” किंवा “मी नसलो तर बरे” असे बोलणे, स्वतःला इजा करणे, या खुणा दिसल्यास परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. मुलाला शांतपणे, थेट विचारावे : “तुला जगणं नको असं वाटतं का?” असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट कोणीतरी ओळखले, याचा मुलाला आधार वाटतो. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. टेलि-मानस या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. हा क्रमांक पालकांसाठीही आहे. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांकही उपलब्ध आहेत. हे तिन्ही क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

परीक्षेच्या दिवशी

• प्रवेशपत्र, पेन, चष्मा आणि पाण्याची पारदर्शक बाटली आदल्या रात्रीच भरून ठेवावी.
• न्याहारी ओळखीची व हलकी असावी : पोहे, उपमा, पोळी-भाजी किंवा मऊ खिचडी. नवा पदार्थ त्या दिवशी देऊ नये.
• वाहतूक आणि धुके यांचा विचार करून घरून लवकर निघावे.
• केंद्राच्या दारात शेवटचे प्रश्न विचारू नयेत.
• पेपर संपल्यावर उत्तरे पडताळण्याऐवजी जेवण आणि थोडी विश्रांती द्यावी.

पालकहो, निकालाचा कागद काही महिन्यांनी कपाटात जातो. नीट दिसणारे डोळे, सशक्त रक्त, वेळेवर येणारी झोप आणि अडचण आली की घरी सांगता येते हा विश्वास मुलाजवळ पुढेही राहतो. शाळा पुन्हा कधी घरी आली, तरी या सवयी चालू ठेवाव्यात. आज एवढेच करावे : भिंतीवरील दिनदर्शिकेवर परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवडे मागे मोजून खूण करावी आणि मुलाला त्याच दिनदर्शिकेसमोर उभे करून विचारावे, “हा आकडा तुला दिसतो का?”